वासाला गुण द्यायचे

९ जानेवारी

आज वाचनालयाच्या फळ्यावर पर्यावरण कार्यालयाची सूचना लागली. फळ्यावर कागद टाचायचं काम माझंच, म्हणून सगळ्यांत आधी मीच वाचली. कागद गिरणीचा वास तपासायला नागरिक हवे आहेत. शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही, नाक चांगलं हवं. मला आधी वाटलं, कुणीतरी थट्टा केली आहे. पण खाली शिक्का होता, आणि सही करणाऱ्याने स्वतःचं पद इतकं लांबलचक लिहिलं होतं की थट्टा असणं शक्य नव्हतं.

हे असते तर म्हणाले असते, ही जागा तुझ्यासाठीच काढली आहे. दूध करपायच्या आधी मला कळतं. शेजारणीने साबण बदलला तरी कळतं. पोलिसांच्या कुत्र्यांत भरती झाली असतीस तर एव्हाना बढती मिळाली असती, असं ते म्हणायचे.

मी नाव दिलं.

गिरणीबद्दल थोडं लिहून ठेवते. पूर्वी इथलीच रद्दी आणि इथलंच गवत शिजवून लगदा करायचे. आता बंदर सगळ्यांना खुलं झालं आहे, माल आणायला आणि न्यायला पूर्वीसारखे कर नाहीत. परदेशातली रद्दी गठ्ठे बांधून जहाजाने येते आणि कागद होऊन जहाजानेच परत जाते. त्यासाठी नवा मोठा हंडा बसवला. तेव्हापासून वास वाढला, असं गल्ली म्हणते. तक्रारी पुष्कळ झाल्या, पण गिरणीच्या फाटकावर हवा मोजायचं सरकारी यंत्र आहे, आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली आहे. त्यात आकडा नेहमी उत्तम येतो. आता बाहेरचं गिऱ्हाईकच विचारायला लागलं आहे की तुमच्या कागदामुळे शेजाऱ्यांना त्रास होतो का. दाखला दाखवा, मग माल घेतो. म्हणून कार्यालयाला आमच्या नाकांची आठवण झाली.

मला विचाराल तर वास वाढला आहे असं वाटत नाही. संध्याकाळी पाळी बदलली की हंडा उघडतात आणि वास गल्लीत उतरतो. मी तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडते. हे गेले त्याला तीन वर्षं होतील. ह्यांच्या शर्टाला हाच वास असायचा.

१३ जानेवारी

मुलाला सांगितलं. तो गिरणीतच माल पाठवण्याच्या खात्यात आहे.

"म्हणजे आई, मी दिवसभर तिथे काम करायचं आणि तू येऊन हुंगायचं?"

"तुला नाही हुंगणार. हवेला हुंगणार."

"मॅनेजरसाहेबांना कळलं तर?"

"कळू दे. फळ्यावर लावलंय, चोरून थोडंच आहे."

सूनबाई हसली. मग तोंडाला पदर लावून न्हाणीघरात गेली. तिला तिसरा महिना चालू आहे. पण हल्ली रोज संध्याकाळी तिचं न्हाणीघर फार लांबतं. पाण्याची चैन आहे, दुसरं काय. मुलगाही गिरणीतूनच आंघोळ करून येतो. तिथला साबण फुकट असेल.

रात्रीचं ती जेमतेम दोन घास खाते. माझ्या हातचं आवडत नसावं. बोलत नाही, एवढं खरं.

२१ जानेवारी

नाकांची निवड झाली. कार्यालयातल्या एका पांढऱ्या खोलीत बसवलं. तपासणी करणारी बाई तरुण आहे, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. मी मनात तिला तपासणीबाई म्हणते. तिने एकाच औषधाचा वास कमी कमी करत दिला आणि कुठवर येतो ते विचारलं. बाकीचे थांबले तरी मला येतच होता.

"काकू, तुम्ही करता काय?" तिने विचारलं.

"वाचनालय झाडते. पुस्तकं लावते."

"नाक फार चांगलं आहे तुमचं."

लग्नानंतर माझी अशी तारीफ कुणी केली नव्हती. मी घरी येईपर्यंत नाक वर करूनच चालले.

सहाजण निवडले. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर आहे. तो अजूनही कुणी जवळ उभं राहिलं की "पुढे सरका" म्हणतो. एक शिंपीण आहे, गिरणीच्या कामगारांचे कपडे शिवते. बाकीचे तिघे गप्प बसणारे. आम्हाला नियम सांगितले. त्या दिवशी अत्तर, तेल, कांदा, लसूण, तंबाखू काही नाही. सर्दी झाली तर सांगायचं. एकमेकांशी बोलायचं नाही. आणि दुसऱ्याला कसा वाटेल ते लिहायचं नाही, स्वतःला कसा वाटला तेच लिहायचं.

कंडक्टर म्हणाला, "कांदा-लसूण नाही, तंबाखू नाही. बाई, ही चाचणी आहे की संन्यास?"

३ फेब्रुवारी

पहिली चाचणी झाली. गल्लीतली संध्याकाळची हवा पिशव्यांत भरून आणली होती. आपल्यापुढे तीन नळ्या असतात. दोनांतून साधी हवा येते, एकीतून गिरणीची. ती कुठली हे ओळखायचं. मी दर वेळी ओळखली. ओळखणार नाही तर काय. शेवटच्या नळीला नाक लावलं तेव्हा हे दारात चपला काढून उभे आहेत असंच वाटलं. ते चपला सरळ कधी ठेवायचे नाहीत. एक इकडे, एक तिकडे.

मग एक छापील प्रश्न असतो. "हा वास रोज तुमच्या घरात आला तर तुम्हाला कसा वाटेल?" उणे चार म्हणजे अगदी नकोसा, अधिक चार म्हणजे फार आवडता. मी अधिक तीन लिहिलं. चार लिहिणार होते, पण एकदम पैकीच्या पैकी देणं बरं दिसत नाही.

६ फेब्रुवारी

वाचनालयात अर्थशास्त्राचं एक मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक आहे. ह्यांनीच गिरणीच्या रद्दीतून वाचवून आणलं होतं, पुढे मी ते वाचनालयाला दिलं. त्यांना स्वतःला वाचता यायचं नाही. पुस्तकं ते जाडीवरून निवडायचे. एकदा मला रेल्वेचं जुनं वेळापत्रक आणून दिलं, तेही मी वाचून काढलं. अशीच अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. अडलेला शब्द ज्याला त्याला विचारायचे, दूधवाल्यालासुद्धा.

तर त्या पुस्तकात एक टेकडीसारखं चित्र आहे. देशात व्यापार वाढतो, गिरण्या वाढतात, तशी आधी घाण वाढत जाते. मग लोकांच्या हातात पैसा येतो आणि घाण कमी होत जाते. म्हणजे एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. मी बराच वेळ ते चित्र पाहत बसले. चढताना कोण कोण दमलं आणि उतरवायला कोण आलं, ते चित्रात नाही. रेघ आपली आपणच खाली येते.

१४ फेब्रुवारी

तपासणीबाई वाचनालयात आली. पुस्तक हवं होतं असं म्हणाली, पण घेतलं नाही. चाचणी रद्द झाली. सहांतल्या एकाला सर्दी होती, तो निघाला. उरलेल्या पाचांत चौघांनी उणे तीन, उणे चार लिहिलं, आणि एकाने अधिक तीन. एक उत्तर एवढं वेगळं असलं की नियमाने ते बाजूला काढावं लागतं. पाचांपेक्षा कमी नाकं राहिली की चाचणी धरत नाहीत.

"मग आता?" मी विचारलं.

"मार्चमध्ये पुन्हा घ्यायची. ती शेवटची. तीही रद्द झाली तर फाटकावरच्या यंत्राचा आकडा धरून दाखला द्यावा लागेल."

"पिशवीतल्या यंत्राचा?"

"हो."

मी म्हटलं, कोण असेल ते अधिक तीनवालं. शिंपीण असेल, तिला गिरणीचं शिवणकाम मिळतं. तपासणीबाईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कुणी काय लिहिलं ते मला सांगता येत नाही. एवढं बोलूनही ती उभीच राहिली. मी तिला बसायला खुर्ची दिली. मुलगी कष्टाळू आहे, पण एकटी असावी.

जाताना तिने आणखी एक सांगितलं. याच मालकाची समुद्रापलीकडे दुसरी गिरणी आहे. तीच रद्दी, तीच जहाजं, तसाच हंडा. पण त्या हंड्याला पहिल्या दिवसापासून झाकण आहे, आणि वाफ धुऊन मगच बाहेर सोडणारी टाकी आहे.

"मग इथे का नाही?"

"तिथल्या कार्यालयाने झाकणाशिवाय परवानगीच दिली नाही. इथे कुणी मागितलं नाही."

१६ फेब्रुवारी

आज मॅनेजर घरी आला. हे नोकरीत होते तेव्हा तो नवीन पोरगा होता, ह्यांच्या डब्यातलं खायचा. अजूनही मला वहिनी म्हणतो. फळांची टोपली घेऊन आला होता.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू. अधिक तीन. मला तर वाचून भरून आलं. दादा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कळतं वहिनी. कार्यालयात आपली माणसं आहेत. तुम्ही फक्त पुढच्या वेळीही असंच लिहा. मुलगा चांगलं काम करतो हं तुमचा. मी लक्ष ठेवून आहे त्याच्यावर."

तो गेल्यावर मी टोपली तशीच टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. म्हणजे ते वेगळं उत्तर माझं होतं. दोन दिवस मी त्या बिचाऱ्या शिंपिणीला मनात नावं ठेवत होते.

मला राग कशाचा आला ते नीट लिहायचं तर, मी खोटं लिहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे मला जसा वाटला तसा लिहिला. तो वास माझा आणि ह्यांचा होता. त्याबद्दल मला फळांची टोपली मिळाली.

१७ फेब्रुवारी

तपासणीबाईला सांगून आले की कार्यालयातून आकडे गिरणीत जातात. ती मग म्हणाली, "मार्चमध्ये उत्तरं मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. गिरणीच्या माणसालाही बोलावते. बाहेर जायचंच आहे तर समोरच्या दाराने जाऊ दे."

मी विचारलं, मी काय लिहू?

"ते मी सांगितलं तर ही चाचणी कशाला, काकू?"

मी म्हटलं, मग मी नाव काढून घेते.

"त्या सर्दीवाल्यांना डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. म्हणजे पाचच उरलात. तुम्ही गेलात तर चारच. मग यंत्र." पुढे म्हणाली, "नवं नाक शोधायला मला वेळ देत नाहीत."

२० फेब्रुवारी

फळं गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. मुलगा म्हणाला, अगं एक तरी ठेवायचंस. सूनबाई म्हणाली, "राहू दे हो, मला नाहीतरी हल्ली काही जात नाही."

२६ फेब्रुवारी

आज वाचनालयात वीज नव्हती, म्हणून लवकर घरी आले. पाळी बदलायची वेळ झालीच होती. घरात कुणी दिसेना. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. उघडलं तर सूनबाई उपड्या बादलीवर बसलेली. नाकातोंडाला ओला टॉवेल गुंडाळलेला. पुढ्यात निवडायची भाजी, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि खुंटीला पिशवी अडकवून त्यात वाचनालयाचं पुस्तक. दाराच्या फटीत जुनं पांघरूण खोचलेलं. अगदी संसार मांडला होता तिथे.

मला पाहून ती दचकली नाही. टॉवेल खाली घेऊन म्हणाली, "आई, आज लवकर?"

"हे काय चाललंय?"

"काही नाही. वास येतो ना. तेवढी वेळ गेली की मी येते बाहेर."

"मग खिडकी लावायची. सांगायचं मला."

तिने पुन्हा भाजी हातात घेतली. मग म्हणाली, "कसं सांगू? मी काही बाबांना पाहिलं नाही. लग्नाआधीच गेले. तुम्ही खिडकी उघडून उभ्या राहता ना, तेव्हा मला वाटतं, चला, सासरे आले कामावरून. आता सासऱ्यांना घराबाहेर कसं काढायचं?"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी तिथेच ओल्या फरशीवर टेकले.

"किती दिवस चाललंय?"

"हे राहिलं तेव्हापासून. आधी नुसतं डोकं दुखायचं. आता पोटात ढवळतं. ते पण म्हणूनच तिकडे आंघोळ करून येतात." ते म्हणजे माझा मुलगा. "त्यांना मीच सांगितलं, आईंना बोलू नका."

मी रोज तिच्या जेवणाची चिंता करत होते. मीठ कमी पडतंय का, तिखट जास्त होतंय का. आणि रोज त्याच वेळी उठून तिच्या तोंडावर ती खिडकी उघडत होते.

आज उघडली नाही. फटीत तेच पांघरूण खोचलं. सूनबाई ओट्याशी बसून भाजी निवडत होती. वास तरीही आलाच, थोडासा. मी तिच्याकडे पाठ करून तो घेतला. हे लिहायला नको होतं, पण घेतला.

२ मार्च

भाजी चिरताना सूनबाईने विचारलं, बाबांना झालं काय होतं? मी म्हटलं, दम. शेवटी शेवटी जिना चढवायचा नाही. डॉक्टर म्हणाले वयामुळे. तिने वय विचारलं. मी सांगितलं, साठीलाही आले नव्हते. गिरणीच्या जुन्या हंड्यावर उभं राहून ते लगदा हलवायचे, ते काम पोर असल्यापासून करत होते, असंही मी सांगितलं. ती चिरायची थांबली होती. मला वाटलं, बोट कापलं की काय.

११ मार्च, सकाळी

आज शेवटची चाचणी आहे. कांदा, लसूण, तेल, सगळं सोडून बसले आहे. मुलगा कामावर जाताना म्हणाला, "आई, तुला वाटेल ते लिही. माझं काय व्हायचं ते होईल." दाराबाहेर जाऊन परत आला आणि म्हणाला, "पण थोडा विचार करून."

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे सांगता येणार नाही. तो वास जावा असं मला वाटत नाही. फोटोत ते नुसते बसलेले आहेत. आवाज मी हळूहळू विसरत चालले आहे. रोज संध्याकाळी न चुकता घरी येत होता तो एवढाच. झाकण बसलं की तोही येणार नाही. आणि हे मी माझ्या हाताने करायचं.

११ मार्च, संध्याकाळी

झालं.

पाचजण बसलो. मॅनेजर भिंतीशी खुर्ची घेऊन बसला होता. मला पाहून हात जोडले. तीन नळ्या आल्या. मी ओळखली. पुन्हा आल्या. पुन्हा ओळखली. वास तोच, मला तसाच गोड. त्यात काही बदल झाला नाही, आणि झाला असं मी इथे लिहिणारही नाही.

मग तो छापील प्रश्न. "हा वास रोज तुमच्या घरात आला तर तुम्हाला कसा वाटेल?" मागच्या वेळी मी शेवटचे शब्द वाचून लिहिलं होतं, कसा वाटेल. आज मधल्या शब्दांवर अडकले, तुमच्या घरात. फेब्रुवारीत मी ज्या घराचं उत्तर दिलं त्या घरात हे आणि मी होतो. ते घर आता नाही. आताच्या घरात उपड्या बादलीवर एक पोर बसते, पोटात आणखी एक घेऊन. तिथे हा वास रोज आला तर मला कसा वाटेल, एवढंच विचारलं होतं.

मी उणे चार लिहिलं. चारचा आकडा जरा वाकडा आला.

तपासणीबाईने एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली. कंडक्टर, उणे चार. शिंपीण, उणे चार. तिचं वाचलं तेव्हा मी मान खाली घातली. दोघे गप्प बसणारे, उणे तीन, उणे तीन. मग माझं वाचलं. कंडक्टर तेवढा पुटपुटला, "चला, गाडी भरली."

बाहेर मॅनेजर आला. "वहिनी, हे काय केलंत? दादांची गिरणी आहे ती."

"दादांची असती तर झाकण कधीच घातलं असतं. घरातल्या पातेल्यावरसुद्धा ते झाकण शोधत फिरायचे."

"मुलाचा तरी विचार करायचा."

"त्याच्याच बायकोचा केला."

तो मग हळूच म्हणाला, "माझी बायको तर माहेरीच जाऊन राहिलीय. वास सहन होत नाही म्हणते." आणि निघून गेला. त्याच्याकडे पाहून मला वाईटच वाटलं. डब्यातलं खाणारा तो पोरगा क्षणभर दिसला.

घरी येताना रडले. रस्त्यात रडायची सवय नाही, म्हणून चपलेत खडा गेला असं दाखवत दोनदा थांबले.

२९ मार्च

हुकूम निघाला. झाकण आणि वाफ धुवायची टाकी बसेपर्यंत नवा हंडा बंद. बाहेरच्या गिऱ्हाईकानेही कळवलं म्हणे, तोवर माल थांबवा, पण दुसरीकडे जाणार नाही. जुना हंडा चालू आहे, त्यामुळे वास येतो पण बारीक. मुलाच्या खात्यात निम्म्या लोकांना घरी बसवलं. त्यात तो आहे. मॅनेजरने मुद्दाम केलं की चिठ्ठ्या टाकून, कोण जाणे. मुलगा म्हणतो, चिठ्ठ्या टाकून.

१२ एप्रिल

मुलगा घरात बसून बसून कंटाळला आहे. भिंतींना रंग दिला. नळ दुरुस्त केला, तो आता जास्त गळतो. सूनबाई म्हणाली, यांना लवकर कामावर घ्या, नाहीतर घर उरणार नाही. माझ्याशी तो नीट बोलतो, पण जरा जपून. मी केलं ते बरोबर केलं असं तो म्हणाला नाही, चूक केलं असंही म्हणाला नाही. गिरणी सुरू झाली की बघू.

सूनबाई रात्री दोन पोळ्या खाते. माझ्या हातचंच.

१८ मे

झाकण बसून आज आठवडा झाला. मुलगा कामावर जायला लागला. पाळी बदलल्याचा भोंगा होतो, माणसं सायकलींवरून येतात, आणि वास येत नाही. अगदी नाही असं नाही, माझ्या नाकाला कधीतरी धागाभर लागतो. इतरांना नाही. फाटकावरच्या यंत्राची पिशवीही काढली. तपासणीबाईची बदली झाल्याचं कळलं. चांगल्या जागी झाली की वाईट, ते कुणाला सांगता आलं नाही.

पहिले काही दिवस संध्याकाळी मला काय करावं ते सुचायचं नाही. स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायचे. ते आता कुठून येणार, असं वाटायचं.

आज जेवायला बसलो होतो. सूनबाईला आता सातवा चालू आहे, ती खुर्चीवर आणि आम्ही दोघे खाली. तिने एकदम विचारलं, "आई, बाबा चिडले की काय करायचे?"

मी आठवायला गेले आणि काही येईना. नुसता फोटोतला चेहरा समोर. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा? ते कधी चिडायचेच नाहीत."

"कोण म्हणतं चिडायचे नाहीत?" मी म्हटलं. "तू शाळेत असायचास, तुला काय माहीत. चिडले की माझ्याशी बोलणं बंद. सगळं त्या कपाटाला सांगायचे. कपाटा, सांग हिला, मी जेवणार नाही. कपाटा, विचार हिला, माझा टॉवेल कुठे गेला. मी म्हणायचे, कपाटा, सांग त्यांना, खांद्यावरच आहे. मग हसू दाबायला कपाटात तोंड घालून उभे राहायचे. पाठ हलताना दिसायची मला."

मुलगा जेवायचा थांबला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

आणखी पुष्कळ येत गेलं. शिंक आली की ते आधी हात वर करायचे, परवानगी मागितल्यासारखे. मोठा आकडा मोजताना मध्येच माझं नाव घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सूनबाईने ताट बाजूला सारलं होतं आणि हनुवटीला हात लावून ऐकत होती. भात निवून गेला.

शेवटी तिला पाणी हवं होतं. तांब्या रिकामा होता आणि मुलगा तसाच बसलेला, कुठेतरी बघत. तिने दोनदा त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून कोपऱ्यातल्या कपाटाला म्हणाली, "कपाटा, सांग ह्यांना, पाणी संपलंय."